पाचव्या धुण्यानंतरचं कापड

घरातल्या सगळ्या कपड्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा धुतले जातात ते टी-शर्ट आणि मोजे, आणि सर्वांत कमी विचार करून विकत घेतले जातात तेही हेच. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो, काठ उलटा करून पाहतो. शर्टपीस घेताना कापड चिमटीत धरतो, उजेडात नेतो. टी-शर्टच्या बाबतीत मात्र माप आणि रंग पाहिला की काम झालं असं आपण मानतो, आणि मोज्यांचं पाकीट तर बहुधा न उघडताच घरी येतं. मग दोन महिन्यांत गळा लोंबतो, बाजूची शिवण पोटावर येते, मोज्याची टाच विरते, आणि ‘हल्ली मालच असा येतो’ म्हणून आपण विषय सोडून देतो. खरं म्हणजे टिकाऊपणा हा नशिबाचा भाग नाही. तो तंतूची लांबी, सुताचा पीळ, विणीचा घट्टपणा, कापडावरची शेवटची प्रक्रिया आणि शिवण या पाच ठिकाणी घडतो. पाचही गोष्टी मोजता येतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा साध्या नजरेला आणि बोटांना कळतात. आपण मात्र किंमत, नाव आणि दुकानात हाताला लागणारा मऊपणा या तिन्हींवरून निवड करतो आणि नेमक्या याच तीन गोष्टी टिकाऊपणाबद्दल फारसं काही सांगत नाहीत.

आधी किमतीचं पाहू. ब्रिटनमधल्या ‘रॅप’ या संस्थेने लीड्स विद्यापीठाकडून करून घेतलेल्या तपासणीचे निष्कर्ष २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. बाजारातले ४७ टी-शर्ट पन्नास वेळा यंत्रात धुऊन वाळवले आणि त्यांचं आटणं, गोळे येणं, रंग उतरणं तपासलं. किंमत आणि टिकाऊपणा यांचा काहीही ठाम संबंध सापडला नाही. स्वस्तातले काही टी-शर्ट वरच्या क्रमांकांत होते आणि त्यांच्या कैक पट महाग असलेले काही तळाशी. याचं आश्चर्य वाटायला नको. टी-शर्टच्या किमतीत कापसाचा आणि सुताचा वाटा लहान असतो. दुकानाचं भाडं, जाहिरात, छातीवरची छपाई, हंगामाची फॅशन आणि न खपलेल्या मालाचं नुकसान हे सगळं त्याच किमतीत बसवलेलं असतं. आता कोणी म्हणेल, अगदी स्वस्त टी-शर्टमध्ये चांगलं सूत परवडणारच कसं? हे खरं आहे. एका मर्यादेच्या खाली उत्पादकाला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो, आणि तो सुतात किंवा शिवणीत घेतला जातो. पण ती मर्यादा ओलांडल्यावर वाढत जाणारी किंमत टिकाऊपणासाठीच मोजली जाते, असं धरून चालता येत नाही. म्हणून किंमत हा पुरावा म्हणून बाजूला ठेवावा आणि कापडाकडे वळावं.

कापडाची सुरुवात तंतूपासून होते. भारतात कापसाची वर्गवारी तंतूच्या लांबीवरून केली जाते. वीस मिलिमीटर आणि त्याहून कमी लांबीचा तो आखूड, साधारण साडेसत्तावीस ते बत्तीस मिलिमीटरचा तो लांब, आणि त्यापुढचा अतिलांब. विदर्भ-मराठवाड्यात आज पिकणारा संकरित कापूस बव्हंशी लांब धाग्याच्या वर्गात मोडतो. तमिळनाडूत १९७४मध्ये प्रसारित झालेल्या ‘सुविन’ या अतिलांब वाणाचा तंतू साधारण अडतीस मिलिमीटरपर्यंत जातो. हे अंतर कागदावर किरकोळ दिसतं, पण सुतात मोठं ठरतं. सुतातले तंतू एकमेकांना चिकटवलेले नसतात. काथ्याच्या दोरात जसे आखूड तंतू केवळ पिळामुळे आणि घर्षणामुळे एकमेकांना धरून राहतात, तसंच इथेही होतं. तंतू लांब असेल तर शेजारच्या तंतूंशी त्याची पकड जास्त लांबीवर होते आणि त्याची टोकं कमी ठिकाणी बाहेर येतात. तंतू आखूड असेल तर तीच लांबी भरून काढायला जास्त तंतू लागतात, म्हणजे जास्त टोकं, आणि प्रत्येक टोक हे कापडाच्या पृष्ठभागावर उभं राहणारं लवसदृश केस असतं. धुण्यात आणि अंगावरच्या घासण्यात हीच टोकं एकमेकांत गुंततात आणि त्यांचे गोळे होतात. मुंबईत माटुंग्याला असलेली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४मध्ये प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली, आणि भारतीय कापसापासून किती चांगलं सूत निघू शकतं हे शास्त्रीय पद्धतीने मोजणं हेच तिचं मूळ काम होतं. शंभर वर्षांपूर्वीपासून जी गोष्ट मोजली जात आहे, ती ग्राहकाला मात्र पाकिटावर कुठेच दिसत नाही. ‘१०० टक्के कॉटन’ ही ओळ तंतूच्या लांबीविषयी काहीच बोलत नाही.

तरीही एक शब्द पाकिटावर दिसतो आणि तो उपयोगाचा आहे. तो म्हणजे ‘कोम्ब्ड’. कापूस पिंजून त्याची पेळू झाल्यावर ती आणखी एकदा विंचरली, तर आखूड तंतू आणि कचरा वेगळा निघतो. साधारण पंधरा-वीस टक्के माल या टप्प्यावर बाजूला पडतो, म्हणून असं सूत महाग. उरलेले तंतू लांब आणि समांतर असल्याने सूत एकसारखं, गुळगुळीत आणि मजबूत निघतं. नुसतं पिंजलेलं, म्हणजे ‘कार्डेड’ सूत केसाळ असतं. यानंतरचा प्रश्न सूत कातलं कसं हा. रिंग पद्धतीने कातलेल्या सुतात पीळ आतपर्यंत सारखा जातो. ओपन-एंड पद्धत कितीतरी वेगवान आणि स्वस्त आहे, पण तिचं सूत त्याच जाडीच्या रिंग सुतापेक्षा साधारण पंधरा-वीस टक्के कमी ताकदीचं असतं आणि स्पर्शाला थोडं कोरडं लागतं. सुताची जाडी ‘काउंट’मध्ये सांगतात. आकडा जितका मोठा, तितकं सूत बारीक. रोजच्या टी-शर्टला बहुधा तीस काउंटचं सूत वापरतात, जाडसर टी-शर्टला चोवीस किंवा वीसचं. बारीक सूत म्हणजे दर्जेदार, असा समज जाहिरातींनी रुजवला आहे. बारीक सूत मुलायम असतं हे खरं, पण लांब तंतूशिवाय ते टिकत नाही. आखूड तंतूचं चाळीस काउंटचं सूत चांगल्या तंतूच्या चोवीस काउंटच्या सुतापुढे पहिल्याच वर्षात हार खातं. आणि ‘स्लब’ म्हणून मुद्दाम जाड-बारीक ठेवलेलं सूत दिसायला आकर्षक असलं, तरी प्रत्येक बारीक जागा ही फाटण्याची तयार जागा असते.

सुतापासून टी-शर्टचं कापड मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं नसतं. ते होजिअरीचं, म्हणजे टाक्यात टाका अडकवून गुंफलेलं कापड असतं. म्हणूनच ते ताणलं जातं आणि अंगाबरोबर वळतं. पण याच रचनेमुळे एक धागा तुटला की शेजारचे टाके सुटत जातात आणि टाचणीएवढं भोक बोटाएवढं होतं. टाक्याची लांबी कमी ठेवली, म्हणजे वीण घट्ट केली, तर कापड आपला आकार धरून ठेवतं. टाका सैल ठेवला, तर त्याच सुतात जास्त मीटर कापड निघतं आणि उत्पादकाचा खर्च वाचतो. हा खर्च कुठे वाचवला हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. टी-शर्टचा एक पदर दिव्यासमोर धरावा. तळहाताच्या रेषा पलीकडून दिसत असतील, किंवा कुठे उजेड जास्त, कुठे कमी दिसत असेल, तर वीण सैल किंवा सूत असमान आहे. कापडाचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हे ‘जीएसएम’ या मापाने सांगतात. एकशे चाळीसच्या आसपासचं कापड हलकं, एकशे साठ ते एकशे ऐंशीचं मध्यम आणि दोनशेच्या पुढचं जाड. हल्ली काही विक्रेते हा आकडा छापतात आणि तो उपयोगी आहे. मात्र तो एकटा पुरत नाही, कारण जाड आणि सैल कापडाचाही जीएसएम मोठा असू शकतो.

इथे आपल्या हवामानाचा आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. अकोल्याच्या किंवा नागपूरच्या मे महिन्यात दोनशे वीस जीएसएमचा टी-शर्ट घालून कोण फिरेल? मुंबईच्या दमट पावसाळ्यात तो वाळायलाच दोन दिवस लागतील. परंतु टिकाऊपणा म्हणजे जाडी असं इथे कुठेही म्हटलेलं नाही. लीड्सच्या तपासणीतही जाड टी-शर्ट साधारणपणे चांगले ठरले, तरी शंभर टक्के सुती आणि हलक्या वजनाचे काही टी-शर्टही वरच्या क्रमांकांत होते. उष्ण प्रदेशात निवड करायची ती हलकं पण घट्ट विणीचं, विंचरलेल्या सुताचं कापड पाहून. दीडशे-एकशे साठ जीएसएममध्ये असं कापड सहज बनतं. टाळायचं ते पातळ आणि सैल. ते हवेशीर वाटतं ते सैल विणीमुळे, आणि तीच सैल वीण सहा महिन्यांत त्याचा आकार घालवते.

आता मऊपणाकडे येऊ, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. दुकानात हाताला जे लागतं, ते पुष्कळदा कापड नसतं. ती कापडावर शेवटी केलेली प्रक्रिया असते. होजिअरीच्या धंद्यात ‘बायोवॉश’ नावाचा एक टप्पा आहे. त्यात सेल्युलेज नावाचं विकर कापडाच्या पृष्ठभागावर उभे राहिलेले तंतू खाऊन टाकतं. बेताने केलं तर ही उत्तम प्रक्रिया आहे. कापड गुळगुळीत होतं, गोळे येण्याचं प्रमाण घटतं. पण हे विकर उभ्या तंतूला आणि सुतातल्या तंतूला वेगळं ओळखत नाही. प्रक्रिया लांबवली तर कापडाचं वजन आणि ताकद दोन्ही कमी होतात, आणि हाताला मात्र कापड आणखीच मुलायम लागतं. त्यावर सिलिकॉनसारख्या मृदुकाचा थर दिला की रेशमी स्पर्श मिळतो. हा थर काही धुण्यांत निघून जातो. शिवाय तो तंतूंना निसरडं करत असल्याने सुतातून तंतू बाहेर सरकणं सोपं होतं, म्हणजे ज्यामुळे कापड मऊ वाटलं त्यामुळेच पुढे गोळे वाढू शकतात. म्हणून दुकानातल्या दोन टी-शर्टांपैकी किंचित कोरडा, करकरीत लागणारा टी-शर्ट पाहून लगेच बाजूला ठेवू नये. चांगल्या सुताचं कापड वापराने मऊ होत जातं. वरून दिलेल्या मऊपणाचं कापड वापराने खरखरीत होत जातं. पाचव्या धुण्यानंतर जे उरतं, तेच आपण विकत घेतलेलं खरं कापड.

आटणं आणि पिरगळणं या दोन तक्रारींचं मूळही याच टप्प्यांत आहे. रंगवताना आणि वाळवताना ओलं होजिअरी कापड लांबीच्या दिशेने ओढलं जातं आणि त्याच ताणलेल्या अवस्थेत इस्त्रीसारखं दाबून बसवलं, तर त्याच वजनात जास्त लांबी मिळते. घरी पहिल्या धुण्यात टाके आपल्या मूळ आकाराकडे परततात, टी-शर्ट लांबीला आखूड आणि रुंदीला सैल होतो. ‘कॉम्पॅक्टर’ यंत्रातून कापड आधीच आत दाबून घेतलं तर हे बरंच टळतं. पिरगळण्याचं कारण सुताचा पीळ. एकेरी सुतात पीळ उलगडण्याची ओढ असते, आणि साध्या एकेरी जर्सी विणीत तिला विरोध करणारं काही नसतं, म्हणून टाक्यांच्या उभ्या रांगा तिरप्या होतात आणि बाजूची शिवण पुढे येते. हे दुकानातही दिसतं. टी-शर्ट सपाट पसरून बाजूच्या शिवणीजवळ बारकाईने पाहावं. टाक्यांच्या उभ्या रांगा शिवणीला समांतर असतील तर ठीक. त्या शिवणीला कापत तिरप्या जात असतील, तर शिवताना कापड जबरदस्तीने सरळ केलेलं आहे, आणि धुतल्यावर ते आपल्या वाटेने जाणार. दोन पदरी सुताचा किंवा इंटरलॉक, म्हणजे दुहेरी, विणीचा टी-शर्ट यातून बहुतांशी सुटतो, पण तो महाग आणि थोडा जड असतो.

शिवणीची पारख सर्वांत सोपी, तरी सर्वांत कमी केली जाते. टी-शर्ट उलटा करावा. गळ्याच्या मागे एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पट्टी शिवलेली आहे का, ते पाहावं. ती नसेल तर अंगातून काढताना गळा ओढला जातो आणि खांदे लांबत जातात. गळ्याची पट्टी रिब विणीची असावी, आणि तिच्यात थोडं स्पँडेक्स, म्हणजे ताणून परत येणारा कृत्रिम धागा, असणं हा दोष नसून गुण आहे. ती दोन्ही हातांनी ताणून सोडावी. लगेच मूळ जागी आली तर ठीक, लाटेसारखी वर-खाली राहिली तर पुढे लोंबणार. बाहीची आणि खालची घडी दुहेरी सुईने शिवलेली असते. ती ताणल्यावर ‘कट्’ असा आवाज आला, तर दोरा तुटतो आहे, कारण टाके कमी घातले आहेत. शिवणीलगत बारीक छिद्रांची रांग दिसली, तर बोथट झालेल्या सुईने कापडाचा धागा कापला आहे आणि पहिल्या काही धुण्यांत तिथूनच भोक पडेल. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात, आणि कोणतंही नाव किंवा किंमत या दोन मिनिटांची जागा घेऊ शकत नाही.

मोज्यांचं गणित मात्र वेगळं आहे, आणि इथे ‘शुद्ध सुती तेच चांगलं’ हा आपला लाडका आग्रह सोडावा लागतो. टी-शर्टवर घासणं थोडं आणि पसरलेलं असतं. मोज्याच्या टाचेवर आणि अंगठ्यावर संपूर्ण शरीराचा भार एका तळहातापेक्षा लहान जागेवर पडतो, तोही घामाने ओलसर अवस्थेत आणि बुटाच्या अस्तराशी हजारो वेळा घासून. म्हणूनच कापडाच्या घर्षण-चाचणीचं मार्टिनडेल यंत्र मोज्यांसाठी वेगळ्या पद्धतीने वापरावं लागतं आणि त्याची स्वतंत्र युरोपीय प्रमाणपद्धत आहे. कापूस ओला झाल्यावर त्याची ताकद थोडी वाढते हे खरं, पण घासण्याला तो नायलॉनइतका तोंड देत नाही. नायलॉन अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५मध्ये तयार झालं आणि १९४०मध्ये स्त्रियांच्या लांब मोज्यांच्या रूपाने देशभर विक्रीला आलं. त्याच कंपनीत १९५८मध्ये स्पँडेक्स तयार झालं, आणि मोजा घोट्यावर टिकून राहण्याचा प्रश्न सुटला. या दोन शोधांनी मोज्याचं आयुष्य बदललं. आज रोजच्या वापराला चांगल्या मोज्यात साधारण पंच्याहत्तर-ऐंशी टक्के विंचरलेलं सूत, पंधरा-वीस टक्के नायलॉन आणि दोन-पाच टक्के स्पँडेक्स असावं. त्वचेला कापूस लागतो आणि झीज नायलॉन सोसतं. ज्याच्या पाकिटावर फक्त ‘कॉटन’ लिहिलं आहे, तो मोजा एक तर खरोखर शुद्ध सुती असतो आणि टाचेला लवकर विरतो, किंवा पाकीट अर्धीच माहिती देतं. दोन्ही प्रकारांत ते पाकीट परत ठेवावं.

मोजा हातात आला की तो आतून उलटा करावा. टाच आणि अंगठ्याच्या भागात वीण उरलेल्या मोज्यापेक्षा स्पष्टपणे दाट आणि शक्यतो जादा नायलॉनचा धागा घातलेली असावी. टाचेला खोलगट खिसा विणलेला असावा. नुसत्या सरळ नळीला टाचेचा आकार देऊ पाहणारे मोजे पायात गोल फिरतात आणि नको तिथे ताणले जातात. अंगठ्यावरची शिवण नखाने चाचपावी. ती जाड आणि टोचरी असेल तर बुटात फोड येतील आणि कापडही तिथेच आधी झिजेल. टाके एकेक करून जोडलेली ‘लिंक्ड’ शिवण जवळपास सपाट असते. यंत्राच्या सुया किती, हाही एक आकडा आहे. साधारण ८४ ते १०८ सुयांवर जाड, खेळाचे मोजे विणले जातात, १४४ ते २०० सुयांवर ऑफिसच्या बुटात जाणारे बारीक मोजे. जास्त सुया म्हणजे जास्त टिकाऊ असं मुळीच नाही. बारीक मोज्याचं सूतही बारीक असतं. उलट चालणं जास्त असेल तर तळव्याला आतून टॉवेलसारखे फास असलेला, कमी सुयांचा मोजा कितीतरी जास्त काळ टिकतो. आणि माप. ‘फ्री साइज’ लिहिलेला मोजा सहा नंबरच्या पायाला सैल होऊन घडी पाडतो आणि दहा नंबरच्या पायावर टाचेशी ताणून धरला जातो. ताणलेल्या विणीत प्रत्येक धागा आधीच पातळ झालेला असतो, त्यामुळे त्याच दर्जाचा मोजा मोठ्या पायावर लवकर फाटतो. बुटाच्या मापांप्रमाणे दोन-तीन मापांत मिळणारे मोजे घ्यावेत आणि एकाच रंगाचे, एकाच प्रकारचे घ्यावेत. एक मोजा फाटला तरी बाकीचे एकमेकांना जोडीदार होतात, आणि सगळ्या जोड्यांचं आयुष्य लांबतं.

कृत्रिम तंतूंविषयी एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर धुताना सूक्ष्म प्लास्टिक तंतू पाण्यात सोडतात, ते नदीत आणि समुद्रात जातात आणि ते विरत नाहीत. मग टिकाऊपणासाठी प्लास्टिक वाढवायचं का? मोज्यांच्या बाबतीत उत्तर असं की थोडं नायलॉन घातलेला एक मोजा तीन-चार शुद्ध सुती मोज्यांची जागा घेतो, म्हणून हिशेब त्याच्या बाजूने झुकतो. टी-शर्टच्या बाबतीत तो तसा झुकतोच असं नाही. लीड्सच्या तपासणीत कापूस आणि कृत्रिम तंतूंची मिश्रणं चांगली टिकली. पण मिश्रणाची दुसरी बाजू अशी की पॉलिएस्टरचा तंतू मजबूत असल्यामुळे त्याचे गोळे एकदा आले की गळून पडत नाहीत, आणि आपल्या उन्हाळ्यात घामाचा वासही त्यात जास्त अडकतो. त्यामुळे रोजच्या टी-शर्टसाठी चांगलं सुती कापड आणि गळ्याच्या रिबमध्ये थोडं स्पँडेक्स, मोज्यासाठी टाचेला नायलॉन, असा भेद करणं शहाणपणाचं. गरज असेल तिथे आणि गरजेपुरतं, हाच नियम.

निवड चांगली झाली तरी अर्धं आयुष्य धुण्यात ठरतं. कापड झिजतं ते घासण्याने, उष्णतेने आणि रसायनांनी, आणि धुणं या तिन्ही गोष्टी एकाच वेळी करतं. टी-शर्ट आणि मोजे उलटे करून धुवावेत, म्हणजे घासलं जातं ते आतलं अंग. जीनची चेन आणि हुक होजिअरीचे टाके ओढतात, म्हणून जीन वेगळी धुवावी किंवा निदान चेन लावून टाकावी. कॉलर आणि टाच ब्रशने घासण्याची आपली सवय मोज्याला सर्वांत मारक आहे. अर्धा तास भिजत ठेवल्याने तेच काम विनाझीज होतं. ब्लीच स्पँडेक्सला आणि नायलॉनला दोघांनाही मारतं, गरम पाणी आणि इस्त्री स्पँडेक्सची लवचिकता घालवतात. ओला टी-शर्ट खांद्यावर टांगला तर पाण्याच्या वजनाने गळा आणि खांदे लांबतात. तो दोरीवर मधोमध दुमडून, उलटा आणि सावलीत वाळत घालावा, कारण कडक ऊन रंग तर नेतंच, पण कापसाचा तंतूही कमकुवत करतं. पाणी जड असेल तिथे साबणाचा थर कापडात साचून ते ताठर होतं. अशा ठिकाणी पावडर वाढवण्याऐवजी एक जास्तीचं खळबळणं उपयोगी पडतं.

यावर शेवटचा आक्षेप पैशाचा. जो माणूस महिन्याच्या शेवटी पैसे मोजतो, त्याला दोनशे रुपयांचा टी-शर्ट परवडतो, चारशेचा नाही. त्याला टिकाऊपणाचे धडे देण्यात काय अर्थ? पण कपड्याची खरी किंमत तो किती वेळा अंगावर येतो यावर ठरते. समजा दोनशेचा टी-शर्ट तीस धुण्यांत निकामी झाला आणि चारशेचा शंभर धुणी टिकला, तर पहिल्याचा दर धुण्यामागे सुमारे सहा रुपये सदुसष्ट पैसे, दुसऱ्याचा चार रुपये. तरीही एकरकमी चारशे नसणं ही खरी अडचण आहे, आणि ती हिशेबाने मिटत नाही. मात्र आपण वर पाहिलं की टिकाऊपणा किमतीला बांधलेला नाही. दोनशेच्या ढिगातही घट्ट विणीचा, सरळ रांगांचा, खांद्याला पट्टी लावलेला टी-शर्ट असतो आणि तसा नसलेलाही असतो. पारख करता येण्याचा सर्वांत जास्त फायदा कमी पैशांच्या ग्राहकालाच होतो. ज्याच्याकडे भरपूर पैसे आहेत, त्याला चूक परवडते. आणि स्वस्त घेऊन वारंवार बदलण्याची जी सवय आहे, तिची किंमत दुकानाबाहेर कोणीतरी भरत असतं. भारताच्या सुती होजिअरी निर्यातीचा मोठा वाटा तमिळनाडूतल्या तिरुपूरमधून जातो. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी आणि तिच्या काठची शेती इतकी बिघडली, की मद्रास उच्च न्यायालयाला २०११मध्ये ते कारखाने बंद ठेवण्याचा आदेश द्यावा लागला. त्यानंतर सांडपाणी बाहेर न सोडण्याची व्यवस्था उभारावी लागली. प्रत्येक जादा टी-शर्टमागे असं पाणी, असं मीठ आणि असा रंग खर्च होतो. दुप्पट टिकणारा टी-शर्ट हा सगळा खर्च निम्म्यावर आणतो, आणि दुसरा कुठलाही उपाय इतका सोपा नाही.

राहता राहिली खात्री. ‘कोम्ब्ड’ लिहिलेलं खरं आहे की नाही, बायोवॉश किती केला, हे दुकानात कळत नाही हे मान्य. म्हणून एकदम सहाचा संच न घेता एक टी-शर्ट किंवा एक जोडी मोजे घ्यावेत. टी-शर्टची लांबी आणि रुंदी मोजपट्टीने मोजून लिहून ठेवावी, पाच वेळा नेहमीसारखं धुवावं आणि पुन्हा मोजावं. लांबीत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला, शिवण फिरली, काखेजवळ गोळे आले, तर त्या मालाकडे परत जाऊ नये. यात काही उणीव आहेच. तोच उत्पादक पुढच्या हंगामात सूत बदलू शकतो. तरी ही परीक्षा जाहिरातीपेक्षा आणि दुकानातल्या स्पर्शापेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे, आणि चांगला माल ओळखल्यावर एकदम चार-सहा घेणं सुरक्षित ठरतं.

आणि ही परीक्षा प्रत्येक घराने स्वतः करावी लागते, याचंच खरं दुःख आहे. तिरुपूरमधून युरोपकडे जाणाऱ्या प्रत्येक ऑर्डरच्या कागदावर सुताचा काउंट, जीएसएम, किती टक्के आटणं चालेल, रंगाचा पक्केपणा कोणत्या श्रेणीचा हवा, शिवण किती फिरली तर माल नाकारला जाईल, हे सगळं लिहिलेलं असतं आणि प्रयोगशाळेत तपासलंही जातं. घाऊक खरेदीदाराला ही माहिती मिळते, शेवटी तो कपडा अंगावर घालणाऱ्याला मिळत नाही. इतर वस्तूंबाबत मात्र हे बदललं आहे. २००६मध्ये भारतात विजेच्या उपकरणांवर वीजबचत दाखवणारं तारांकन आलं आणि आज फ्रिज घेताना घराघरांत ते तारे पाहिले जातात. युरोपीय संघाने २०२४मध्ये लागू केलेल्या उत्पादनांच्या शाश्वततेविषयीच्या नियमांत कपड्यांना अग्रक्रम दिला आहे, आणि त्यात टिकाऊपणा हा मुख्य निकष आहे. जो देश कापूस पिकवतो, सूत काततो आणि टी-शर्ट शिवून जगभर पाठवतो, त्या देशातल्या ग्राहकाला मापाच्या चिठ्ठीवर सुताचा काउंट, जीएसएम आणि पाच धुण्यांनंतरचं आटणं एवढे तीन आकडे मिळणं ही अवाजवी मागणी नाही. ते छापायला जास्तीचा खर्च जवळजवळ नाही, कारण ते आधीच मोजलेले आहेत. ग्राहकांनी दुकानदाराला आणि कंपनीला हे आकडे विचारायला सुरुवात करावी. चांगला उत्पादक ते अभिमानाने छापेल, आणि जो छापायला कचरेल, त्याच्याकडचं कापड उजेडात धरून पाहायचं कसं हे आता आपल्याला माहीत आहे.